कच्ची खापरी

माझी आई म्हणायची, संशय हा या पोरीचा स्वभावच आहे. पुढे सरकारने त्याच स्वभावाचा मला पगार द्यायला सुरुवात केली. दूधवाला जरा जास्त हसून बोलला की मी दूध निरखून बघते. शेजारीण विनाकारण इडल्या घेऊन आली तर इडली संपायच्या आत तिला काय हवंय ते मी ओळखलेलं असतं. लिपी पडताळणी कक्षात अशीच माणसं लागतात. एखाद्या गावाने डिजिटल नोंदीतून दिलेली संमती खरी की बनावट, हे आम्ही ठरवतो. माझ्या खोलीच्या दारावर ‘शलाका इंगळे, पडताळणी अधिकारी’ अशी पाटी आहे आणि तिच्याकडे बघून लोक आधीच घाबरलेले आत येतात. त्याने काम सोपं होतं.

जगात एकाच माणसाचं बोलणं मी न तपासता खरं मानत आले. तो माझा नवरा, तुषार. कोठाझिरीचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं तेव्हा नियमाने ते मी दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं, कारण त्या गावाची लिपी संगणकात आणली ती तुषारने. मी वरिष्ठांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, “मॅडम, कोंडारी वाचणारं आपल्याकडे दुसरं आहे कोण?” मीही नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून शिकले होते म्हणून मला येत होती. मी फार आढेवेढे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर मला हे प्रकरण हवंच होतं.

कोठाझिरी हे सातपुड्यातलं कोंडार लोकांचं गाव. गावाभोवतीचं जंगल वनसंचय नावाच्या कंपनीला चाळीस वर्षांसाठी हवं होतं. तोडायला नव्हे, उलट कोणी हात लावू नये म्हणून. झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात, आणि तो धरून ठेवल्याचं पुण्य दूरच्या कारखान्यांना विकता येतं. त्यासाठी जंगलात माणूस शिरायला नको. म्हणजे मोहफुलं बंद, तेंदूपत्ता बंद, डिंक बंद, सरपणाची काटकीसुद्धा बंद. गावाने याला संमती दिल्याची नोंद होती. गाव म्हणत होतं, आम्ही दिलेली नाही. सुनावणी पंधरवड्यावर आली होती आणि ती गाव हरलं तर जंगल गेलं.

अशा वेळी गावाच्या बाजूने उभा राहावा म्हणून स्वलिपी कायदा केलेला होता. गावाची संमती त्याच्या स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या लिपीत असेल तरच ती ग्राह्य. कळत नसलेल्या मराठी-इंग्रजी कागदावर अंगठा घेण्याचे दिवस संपले, म्हणून तेव्हा मिठाया वाटल्या गेल्या होत्या. आमच्या घरीही वाटल्या होत्या.

कारण तुषारशिवाय कोंडारीला त्या कायद्याचा काही उपयोग नव्हता. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. आपण ‘क’ टंकतो तेव्हा आत एक क्रमांक जातो, आणि जगातली सगळी यंत्रं एकच तक्ता वापरतात म्हणून तो क्रमांक टोकियोतही ‘क’च दिसतो. ज्या लिपीला त्या तक्त्यात जागा नाही ती यंत्राच्या लेखी चित्र असते, रेघोट्या असतात. कोंडारी ही उच्चारखंडांची लिपी. आपण ‘क’ला काना, वेलांटी, उकार लावतो, त्यांच्याकडे का, की, कू यांचे आकार एकमेकांशी नातं न सांगणारे, प्रत्येकाचा वेगळा. तुषारने गावोगाव फिरून असे आकार गोळा केले, कोणता कधी येतो ते सिद्ध केलं आणि तक्ता सांभाळणाऱ्या जागतिक मंडळाशी चौदा वर्षं पत्रव्यवहार केला. मंडळाचा एक नियम फार कडक आहे. एकदा दिलेला क्रमांक परत घेता येत नाही. चुकीचा असला तरी नाही. कारण तो काढला तर त्या क्रमांकाने लिहिलेलं जगभरातलं सगळं लेखन रातोरात बिघडेल. तुषार हे सांगताना छाती फुगवायचा. “माणसं जातील, राज्यं जातील, माझी अक्षरं राहतील,” म्हणायचा. मी म्हणायचे, आधी गॅसवरचं दूध बघ.

कोठाझिरीची नोंद मी उघडली. वर कंपनीचा प्रस्ताव, कोंडारी अक्षरांत. शेवटी एक मोठी खूण. दाराच्या दोन फळ्या एकमेकींना मिळाव्यात तशी दिसणारी. तिचं नाव तेकू. प्रत्येक कराराच्या शेवटी ती असायची, आणि तुषारच्या प्रबंधात तिचा अर्थ दिला होता: ठरलं. खाली ग्रामसभेच्या लेखनिक सुगायबाईंच्या अंगठ्याचा ठसा होता. ठसा खरा होता. नोंदीत नंतर कोणी ढवळाढवळ केलेली नव्हती. म्हणजे या बाईने गाव विकलं होतं. मला तरी पहिल्या दिवशी तसंच वाटलं.

*

सुगायचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगण सारवलेलं, पण त्यावर दुसऱ्या कोणाचं पाऊल दिसत नव्हतं. कोंडार लोकांत सकाळी एकमेकांच्या चुलीतला विस्तव नेण्याची रीत आहे. लेखनिकाची चूल तर सगळ्या गावाची. तिच्याकडचा विस्तव कोणी नेईनासं झालं होतं.

“तीन महिने झाले मॅडम,” ती म्हणाली. चाळिशीची, काटक, डोळ्यांत बघून बोलणारी बाई. “माया नवऱ्याचा भाऊबी येत नाई. झोलूबाबा माया समोरून जाते तं मान वळवते.”

झोलूबाबा म्हणजे गावातला सगळ्यात वडीलधारा माणूस.

“अंगठा तुमचाच आहे ना?”

“मायाच हाय. सभा संपली म्हनून लावला. सभा संपली की पाटीवर अंगठा ठेवा लागते.”

पाटी म्हणजे वनसंचयने गावाला फुकट दिलेलं यंत्र. सभेत मधोमध ठेवायचं. ते ऐकतं आणि बोललेलं कोंडारीत लिहून काढतं. फुकट शब्द ऐकला की माझे कान आपोआप टवकारतात.

“लावताना तेकू दिसली नाही?”

“नवती मॅडम. फक्त कंपनीवाल्याचं बोलनं होतं. खाली मोकळं.”

“मग नंतर कुठून उगवली?”

“मले ठाऊक असतं तं तुमाले बोलावलं असतं काय?”

उत्तर चोख होतं. चोख उत्तरं मला आवडत नाहीत. मी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर पांढऱ्या कपड्यांतल्या मुलीचा फोटो होता. तिची मुलगी परिचारिका व्हायला शिकत होती. कुठे, असं विचारल्यावर सुगायने कॉलेजचं नाव सांगितलं, आणि ते कॉलेज वनसंचयच्या योजनेतलं निघालं. मी मनात टिपून ठेवलं.

तिला ते कळलं. “पोरगी मार्कांवर गेली,” ती म्हणाली. “तुमीबी तेच समजता. गावबी तेच समजते. समजा.”

परत निघताना मोहाच्या एका झाडाखाली दगडाचा ओटा दिसला. त्यावर मातीच्या चपट्या खापऱ्या पडल्या होत्या. पोळीएवढ्या, कच्च्या, करड्या रंगाच्या. काहींच्या कडा पावसाने वितळून गेल्या होत्या. कोंडार पूर्वीपासून अशाच ओल्या खापरीवर काडीने लिहितात आणि मग ती चुलीत भाजतात. तुषारच्या कपाटात भाजलेल्यांचे शेकडो फोटो आहेत. मी ओट्याकडे वळले तशी सुगाय चटकन मधे आली.

“तिकडे नाई मॅडम. त्या भाजाच्या रायल्या. चला, तुमची गाडी जाईन.”

माझी गाडी सरकारी होती, ती मला सोडून कुठेच जाणार नव्हती. पाणी कुठेतरी मुरत होतं. बाई काहीतरी लपवतेय, एवढी खात्री बरोबर घेऊन मी अमरावतीला परतले.

*

सभेचं ध्वनिमुद्रण मी ऑफिसात तीनदा ऐकलं. कंपनीचे कौस्तुभ सरनाईक प्रस्ताव वाचतात, दुभाषी तो कोंडारीत सांगतो. मग शांतता. शांततेत कोणी खोकतं, बाळ रडतं. मग बांगड्यांचा, कपडे झटकल्याचा आवाज. माणसं उठताहेत. कोणी हो म्हणत नाही. पण कोणी नाहीही म्हणत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला अख्ख्या गावातला एकही माणूस तोंड उघडून नाही म्हणत नाही, हे मला खटकलं. आधीच ठरवून गप्प बसले असतील काय?

सरनाईकांना बोलावलं. चाळिशीच्या आतला, इस्त्रीच्या कपड्यांतला, नम्र माणूस. येताना त्याने स्वतःच्या पाण्याची बाटलीसुद्धा आणली होती, जणू माझ्याकडून पाणीही घ्यायचं नव्हतं.

“मॅडम, आम्ही नोंदीला हातही लावू शकत नाही. तुम्ही तपासा. पाटी सभेनंतर स्वच्छ प्रत करते, अडखळलेलं नीट करते, आणि ती थेट सरकारकडे जाते.”

“अडखळलेलं नीट करते म्हणजे?”

“जे नीट ऐकू आलं नाही ते संदर्भावरून भरते. सगळीच यंत्रं करतात.”

“आतापर्यंत किती गावांनी तुम्हाला नाही म्हटलं?”

त्याने बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. “पाटी देण्याआधी बऱ्याच गावांनी,” तो म्हणाला.

“आणि दिल्यानंतर?”

“पाटी दिलेल्या एकाही कोंडार गावाने नाही म्हटलेलं नाही. विश्वास वाढला, असं आम्ही समजतो.”

विश्वास वाढला म्हणे. तो गेल्यावर मी पुरावा म्हणून कक्षात जमा झालेली गावाची पाटी पिशवीत घातली आणि सरळ घरी आणली. नियमात बसत नव्हतं, पण घरी या लिपीचा बाप होता.

तुषार स्वयंपाकघरात भेंडी चिरत होता. मी पाटी ओट्यावर ठेवली. “कोंडारीत काहीतरी माग,” म्हटलं.

“काय मागू?”

“काहीही. माझी गाडी माग.”

त्याने हसत कोंडारीत माझी गाडी मागितली. मग मी पुढचं कोंडारीत म्हणणार होते, आणि माझ्या लक्षात आलं की मला नाही म्हणायला शब्दच येत नाही. “नाही कसं म्हणतात रे?”

“आहे ना, पाऊस पडला नाही, भाकरी उरली नाही, असं म्हणायला आहे.”

“तसं नाही. मागितलेलं देत नाही, असं.”

चौदा वर्षं त्या भाषेत घालवलेला माणूस सुरी हातात धरून उभा राहिला. “तसं कुठे लिहिलेलं सापडलं नाही,” तो म्हणाला.

आम्ही दोघं गप्प झालो होतो. मी पाटीवर अंगठा ठेवला. काही क्षणांत तिने स्वच्छ प्रत दाखवली. वर तुषारची मागणी आणि खाली, दाराच्या दोन्ही फळ्या मिळालेल्या, ठसठशीत तेकू. मी माझी गाडी त्याला देऊन टाकली होती.

आम्ही पुन्हा करून पाहिलं. मी मराठीत ओरडून नाही म्हटलं, तेव्हाही तेकू आली. मी पाटीकडे पाठ करून खोलीबाहेर गेले, तरी तेकू आली.

कारण तुषारनेच समजावलं, भिंतीला टेकून, हळू आवाजात. हे यंत्र भाषा समजत नाही. आधी पाहिलेल्या लेखनात कशानंतर काय आलं, याचा हिशोब ते ठेवतं. आपण ‘चहा’ म्हटलं की पुढे ‘घेणार का’ येईल असा अंदाज आपणही करतोच. मराठी लेखन कोट्यवधी पानांचं, त्यात सगळं असतं. कोंडारीत यंत्राला शिकायला होत्या फक्त तुषारने जमवलेल्या खापऱ्या. त्यांतल्या प्रत्येक खापरीवर मागणी होती आणि प्रत्येक मागणीखाली तेकू होती. एकही अपवाद नव्हता. म्हणून मागणी ऐकल्यावर यंत्राच्या हिशोबी पुढे एकच गोष्ट येऊ शकत होती. शांतता म्हणजे नीट ऐकू न आलेली तेकू.

“पण असं कसं असेल?” मी म्हटलं. “शेकडो वर्षांत या लोकांनी कधीच कोणाला नकार दिला नाही? सगळे संत?”

मला सुगाय आठवली, मोहाखालच्या ओट्यापुढे आडवी येऊन उभी राहिलेली. मी तिला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“सुगायबाई, कोणी काही मागितलं आणि द्यायचं नसलं तर तुम्ही काय म्हणता?”

पलीकडे चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

“म्हनत नाई मॅडम,” ती म्हणाली. “उठून जातो.”

“आणि खापरी?”

“मागनारा ओल्या खापरीवर आपलं मागनं लिहिते आन् तेकूची डावी बाजू काढते. फक्त डावी. त्याचा हात तेवढाच. देनाराले मान्य असलं तं तो उजवी काढते, मंग मी चुलीत भाजतो. नसलं तं मोहाखाली ओट्यावर ठेवून देतो. पानी आलं की माती होते. मागनाऱ्याची लाज ऱ्हायते, भांडन ऱ्हात नाई.”

तुषार फोनजवळ आला. “सुगाय, मी तुला त्या ओट्यावरच्या खापऱ्यांबद्दल विचारलं होतं. तू म्हणालीस, भाजायच्या राहिल्यात.”

“रायल्याच होत्या सर. खोटं नाई बोलली.” तिचा आवाज बारीक झाला. “तुमी पाहुने. पाहुन्याले कोनाचा नकार दाखवत नाई. ज्यानं मागितलं त्याची लाज जाते. तुमी चांगल्या दाखव म्हनले, मी भाजलेल्या दिल्या. सगळ्या चांगल्या दिल्या.”

असा सगळा घोळ होता. पाहुण्याला चांगुलपणाने दाखवलेल्या होकारांच्या खापऱ्या तेवढ्या टिकल्या आणि नकार पावसात विरघळले. दोन माणसांनी दोन हातांनी काढायची खूण तुषारला प्रत्येक ठिकाणी पूर्णच दिसली, म्हणून त्याने तिला एक क्रमांक दिला. एका बटणावर एकटं कोणीही ती अख्खी काढू शकत होतं. आणि डावी बाजू काढून थांबता येईल अशी सोय जगातल्या एकाही यंत्रात नव्हती. कोंडार लोकांची लिपी तक्त्यात आली आणि त्या दिवसापासून त्यांना कायद्यापुढे नाही म्हणता येईनासं झालं. मला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. सुगायवर ठेवू, की माझ्यासमोर भेंडीच्या चिकट हातांनी उभ्या असलेल्या या माणसावर?

“आता काढून टाका ती खूण,” मी म्हटलं.

“काढता येत नाही. तुला माहीत आहे.” तो खुर्चीत बसला. “एकच करता येतं. क्रमांक राहतो, पण त्याच्यापुढे कायमची टीप लागते. वापरू नये. आणि दोन अर्ध्या खुणांसाठी नवा अर्ज करायचा, त्याला वर्ष-दोन वर्षं.”

“वापरू नये, आणि बाजूला तुझं नाव.”

“हो. प्रस्तावकाचं नाव असतंच.”

माझी अक्षरं राहतील म्हणणारा माणूस. तो अर्ज करेल यावर, खरं सांगते, माझा विश्वास नव्हता. त्याच्याविषयी असं काही वाटण्याची ती पहिली वेळ होती आणि ते मला मुळीच आवडलं नाही. त्याने मात्र दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिला. मी प्रत्येक ओळ तपासली. पूर्वी मी त्याचं काही तपासत नसे.

*

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी एका साध्या खोलीत झाली. सुनावणी अधिकारी नंदनवार साहेब, मान खाली घालून ऐकणारे, चष्म्यावरून बघणारे. कोठाझिरीतून पंचवीस-तीस माणसं आली होती. सुगाय त्यांच्यात नव्हती, ती त्यांच्यापासून अंतर ठेवून भिंतीशी बसली होती.

मी सगळं सांगितलं. तुषारने उभं राहून सांगितलं की तेकू एका हाताची खूण नाही आणि तिला एक क्रमांक देणं ही चूक होती. नंदनवार साहेब ऐकत होते, पण मला दिसत होतं की त्यांच्या गळी उतरत नाही.

“मॅडम, कायदा सांगतो, लिपी तक्त्यातली पाहिजे. तक्त्यात होकार आहे. तुम्ही म्हणता तो नकार तक्त्यात नाही. मग मी तो वाचू कसा?”

सरनाईकांनी नम्रपणे मान डोलावली.

मी म्हटलं, “साहेब, वाचू नका. बघा.”

सुगायने पिशवीतून ओल्या मातीची खापरी काढली आणि सरनाईकांपुढे ठेवली. रीतीप्रमाणे मागणाऱ्याने लिहायचं असतं. त्याला अक्षरं येत नव्हती म्हणून मागणं तुषारने लिहून दिलं, आणि तेकूची डावी फळी सरनाईकांनी स्वतः काढली. हसत काढली. मी पाटी टेबलाच्या मधोमध ठेवली. दुभाष्याने प्रस्ताव म्हटला.

झोलूबाबांनी खापरी दोन्ही हातांत घेतली. बराच वेळ पाहिली. मग उठून त्यांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि काही न बोलता दाराबाहेर गेले. त्यांच्यामागे एकेक करत सगळे उठले. बायका, म्हातारे, कडेवरची मुलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. शेवटी सुगाय उठली. तिच्यासाठी दाराशी झोलूबाबा थांबले होते.

खोलीत दुभाष्यासकट आम्ही पाच जण आणि रिकाम्या सतरंज्या उरलो. मी साहेबांना पाटीवर अंगठा ठेवायला सांगितलं.

प्रस्ताव उमटला. त्याखाली, गावातलं कोणी नसलेल्या खोलीत, तेकू उमटली. दोन्ही फळ्या एकदम.

नंदनवार साहेबांनी खिडकीतल्या खापरीचा फोटो काढून आपल्या संगणकात घातला. अक्षरं वाचली गेली. अर्ध्या खुणेच्या जागी रिकामी चौकट आली.

“म्हणजे तुमच्या यंत्राला ‘नाही’ म्हणता येत नाही,” ते सरनाईकांना म्हणाले, “आणि माझ्या यंत्राला ‘नाही’ दिसत नाही.” त्यांनी खिशातलं पेन काढलं, कोरा कागद ओढला आणि निकाल हाताने लिहिला. कोठाझिरीची संमती रद्द. पाटीवर घेतलेल्या बाकीच्या कोंडार गावांच्या संमत्या पुन्हा तपासेपर्यंत स्थगित.

बाहेर व्हरांड्यात झोलूबाबा सुगायशी बोलत होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण तिने डोळ्यांना पदर लावला. नंतर फोनवर म्हणाली, बाबांनी एवढंच विचारलं, उद्या सकाळी तुझ्याकडं विस्तव असंन ना.

मला बरं वाटत होतं. तेवढ्यात सरनाईक शेजारी येऊन उभे राहिले, बाटलीतलं पाणी प्यायले.

“मॅडम, एक सांगू? आम्हाला सगळा दोष नका देऊ. अर्धी खूण ठेवायची का, हे इंगळे सरांनीच विचारलं होतं. लिपीचा प्रस्ताव मंडळाकडे जाण्याआधी, पाटीच्या तयारीसाठी त्यांना बोलावलं होतं त्या आमच्या बैठकीत. आम्ही म्हटलं, तुम्ही तज्ज्ञ, तुम्ही ठरवा.”

तो नम्रपणे नमस्कार करून गेला. हरलेला माणूस जाता जाता विष कालवून जातो, हे मला माहीत आहे. ते विष कधी कधी खरंही असतं, हेही माहीत आहे.

*

घरी आल्यावर विचारलं.

“विचारलं होतंस?”

“हो.” त्याने सरळ सांगितलं. “ओट्यावरच्या एका खापरीवर अर्धी खूण पाहिली होती. सुगाय म्हणाली भाजायची राहिली. मला वाटलं, लिहायची राहिली. अपूर्ण खुणेला क्रमांक मागितला असता तर मंडळाने अख्खा प्रस्ताव परत पाठवला असता. आधीच दोनदा पाठवला होता. मी थकलो होतो, शलाका. मी पुन्हा विचारलं नाही.”

“शंका आली होती?”

“प्रश्न पडला होता. शंका म्हणायची की नाही ते मला आता ठरवता येत नाही.”

“आणि मला कधी सांगितलं नाहीस.”

“नाही.”

माझ्यासमोर रोज माणसं बसतात, रोज कोणीतरी खोटं बोलतं, आणि कुठे बोलतं ते मला सांगता येतं. याच्या बाबतीत सांगता येईना. वीस वर्षं मी हा एक माणूस तपासला नव्हता, म्हणून कसा तपासायचा तेच मला येत नव्हतं. खूप वाईट वाटलं. त्याच्याबद्दल की माझ्याबद्दल, कोण जाणे.

त्यानंतर आठवडाभर आम्ही भाजी काय करायची एवढंच बोललो. तक्त्यात तेकूपुढे टीप आली: वापरू नये. खाली त्याचं नाव. त्याने ते मला दाखवलं नाही, मीच बघितलं.

रविवारी मी उठले तर बाल्कनीच्या कठड्यावर एक ओली खापरी होती. त्याने कुंडीतली माती मळून थापली होती, कडा वेड्यावाकड्या. कोंडारीत एकच मागणं लिहिलं होतं, मला सहज वाचता आलं: पुन्हा विश्वास ठेव. त्याखाली तेकूची डावी बाजू, सावकाश काढलेली. तो आत होता. बाहेर येऊन उत्तर मागायला आला नाही. मागणाऱ्याने मागून थांबायचं असतं.

मी काडी हातात घेतली. उजवी बाजू काढायला किती वेळ लागतो, एक वाक, एक रेघ. मी काढली नाही. मनातून निघाली नाही, मग हाताने काढून काय उपयोग?

दुपारी आभाळ भरून आलं. बाल्कनीला छप्पर नाही. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा खापरी उचलली, दोन्ही हातांनी, तुटू नये म्हणून, आणि आत आणून पुस्तकांच्या फळीवर ठेवली.

तुषारने पाहिलं. 

ती अजून तिथेच आहे. कच्ची आहे. पण कोरड्या जागी आहे.